खुणेच्या वरची माती

शोजीने मातीचा ट्रक मागे घेतला आणि आपल्या सख्ख्या तोमेआत्याची होडी खाली आणली. उतरवली नाही, पाडली. वळचणीखाली वर्षानुवर्षं निवांत टांगलेली ती होडी मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर आपटली आणि तिच्या तळाची फळी फाटली.

आत्याने आधी पिंपात डोकावून पाहिलं. "लोणचं वाचलं," ती म्हणाली. "तुझं नशीब."

"आत्या, नवी फळी बसवून देतो."

"तू? तुला साधा खिळा तरी सरळ ठोकता येतो का रे?"

नदीकाठच्या त्या गावात पूर्वी पुरासाठी म्हणून घरटी एक होडी वळचणीखाली टांगलेली असायची. बहुतेकांनी आता तिथे एसीची पेटी बसवली होती. आत्याकडे दोन्ही होतं. एसी लावायला आलेल्या पोराला तिने आधीच बजावलं होतं, होडीला धक्का लागला तर वल्हं पाठीत घालीन. तिने लग्न केलं नाही. कमळाचे कंद विकून ती जगली, आणि सुमोच्या कुस्त्या लागल्या की टीव्हीतल्या पैलवानांना असं काही झापायची की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटे, घरात कुणी नवरा असावा.

तिच्याकडे एक मान होता. उन्हाळा सरताना बांधावरचं गवत कापून झालं की गाव दोरी ताणायचं. बांधाशी छातीएवढा एक खुणेचा दगड रोवलेला होता. त्याच्या माथ्यापासून दोरी निघे आणि अंगणाअंगणावरून फिरे. कुणाचीही जमीन दोरीला लागता कामा नये, कारण एकाने माती चढवली की त्याच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं. त्या दोरीचं टोक धरायची ती तोमेआत्या.

फक्त तिच्या स्वतःच्या घरापाशी आली की दोरी वळसा घ्यायची. त्या वेळी सगळ्यांना नेमकं आपल्या चपलांकडे बघायचं सुचे. आत्याच्या वडिलांनी एका वसंतात जोत्यावर दगडांची एक ओळ जास्त चढवली होती. लहानग्या तोमेने पाठीवरच्या टोपलीतून ते दगड वाहिले होते. त्याच वर्षी पाणी आलं. तोमेचं घर राहिलं. समोरचं कुवाबारांचं घर गेलं, आणि घराबरोबर त्यांची म्हातारी. उरलेले कुवाबारा गाव सोडून गेले. त्यांची जागा तोमेच्या वडिलांनी घेऊन तिथे कमळं लावली.

शोजी आता घर बांधत होता तो त्याच जागेवर.

नगरपालिकेचा नियम साधा होता. नदीच्या पट्ट्यात घर बांधायचं तर निजायच्या खोलीची जमीन पुराच्या रेषेच्या वर हवी. "खांबांवर बांधा, खालून पाणी जाऊ द्या," खिडकीतल्या बाईने सुचवलं. "भराव घातला तरी चालेल, पण..." त्या 'पण'च्या पुढे शोजीने ऐकलंच नाही. डोंगरात बोगदा खणत होते आणि तिथली माती फुकट मिळत होती. कमळांचं तळं बुजलं. आत्याला स्वयंपाकघरातून पूर्वी बांध दिसायचा, तिथे आता शोजीच्या मोटारीची चाकं दिसू लागली.

त्या वर्षी गवत कापून झाल्यावर दोरी निघाली आणि शोजीच्या अंगणाशी येऊन सरळ मातीत घुसली. चार माणसांनी आत्याकडे पाहिलं.

"तोमेबाई," म्हातारे हिबिनो म्हणाले, "आता काय करायचं?"

आत्याने हातातलं दोरीचं टोक ढिलं सोडलं. मग म्हणाली, "वळसा घाला."

आत्याने आपली बाजू राखली असं शोजीला वाटलं. संध्याकाळी तो तिला गोड डाळीचे लाडू देऊन आला. तिने ते ठेवून घेतले आणि दार लावलं. होडीच्या फाटीवर त्याने डिंक थापला, वरून पत्रा मारला आणि ती आपल्याच अंगणात वाळत टाकली. तिथेच ती राहिली.

मग वादळ आलं. पाण्याने बांध ओलांडला नाही. ते भर दुपारी गटारांतून चोरासारखं वर आलं, शोजीच्या भरावाला टेकलं आणि तोंड फिरवून सगळंच्या सगळं आत्याकडे निघालं. शोजीच्या मोटारीची चाकं कोरडीच होती. समोर आत्याच्या वडिलांनी चढवलेली ती ओळ बुडाली, मग ओसरी बुडाली, मग लोणच्याचं पिंप गिरक्या घेत बाहेर आलं.

शोजीने होडी ओढत पाण्यात लोटली. तो पोचला तेव्हा आत्या खिडकीत बसली होती. मांडीवर वारलेल्या वडिलांच्या नावाची देवघरातली पाटी, हातात भाताचं पातेलं.

"पत्रा तिरका ठोकलायस," होडीत पाय टाकताच ती म्हणाली आणि पातेल्याने पाणी उपसू लागली.

पत्र्याच्या कडेने पाणी आत येत होतं. मागे घराच्या कौलांखाली काहीतरी मोठ्याने मोडलं. तिने वळून पाहिलं नाही. शोजीने वल्हं मारता मारता विचारलं.

"आत्या, तुला माहीत होतं ना? मग मला अडवलं का नाहीस गं?"

आत्याने पातेलं भरून पाणी बाहेर फेकलं.

"तुझ्या आजोबांना तरी मी कुठं अडवलं होतं?"