डोमाजी भाऊजींच्या पाठीवरचे टाके

माझे धाकटे दीर डोमाजी आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारे. विळा लागलेले कितीक हात त्यांनी डॉक्टरांसमोर शिवले. पण स्वतःच्या पाठीवर लिंबाएवढी चरबीची गाठ, ती काही कापू देईनात. सुईला भ्यायचे! मी लई चिडवायची.

आंध्राचं राज्य होतं तेव्हाच गावात डॉक्टरकीचं कॉलेज आलं. तिथले सर पोरापोरींना कातडी कापून शिवणं शिकवत, बकरीच्या पायांवर. पाय आणायचे, शिकणाऱ्यांचा हात धरायचा, हे काम भाऊजींचं. त्यांतली जैनथ गावची चारुशीला हुशार, पण सर समोर आले की तिचा हात थरथरे. महिनाभर भाऊजींनी तिला आमच्या ओसरीवर बसवून टाके घालायला लावले. आता परीक्षा आली. टाके जमले नाहीत तर सहा महिने पेशंटला हात लावायचा नाही.

परीक्षेच्या सकाळी भाऊजी बकरीचे पाय चुलीपाशी ठेवून आंघोळीला गेले. मला वाटलं, परीक्षेचे पाय कॉलेजात असतील, हे रश्श्याचे. मी पाय जाळावर खरपूस भाजले, खरवडून चकचकीत केले.

भाऊजी आले अन् त्यांनी एक पाय दाबून पाहिला.

"वयनी, हे काय केलं? केस वस्तऱ्यानं काढा लागतात. कातडं कडक झालं, सुईच मोडन आता!"

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

बोलले खरी, पण लगेच खाटकाकडे पळाले. त्याच्याकडचे पाय संपलेले. माफी मागायला मीही कॉलेजात गेले. ते भाजके पाय पाहून चारुशीला रडायलाच लागली. सरांनी मान हलवली. कातडी नाही तर परीक्षा नाही.

तर भाऊजींनी सदरा काढला अन् पाठ फिरवली.

"सर, ये चमडा चलेगा?"

"डोमाजी, सच्ची?" सरही उडालेच. सुईला भिणारा माणूस हा!

सरांनी भूल दिली, गाठ काढली. शिवायचं चारुशीलावर सोडून शेजारी उभे राहिले.

"मामा, भेव लागून राह्यलं," चारुशीला भाऊजींना म्हणाली.

"मले बी लागून राह्यलं. ओसरीवर बसल्यावानी शिव."

पाच टाके घातले पोरीनं. तिचा हात हलला नाही. भाऊजींनी माझा हात धरला होता, तो मात्र असा हलला की माझ्या बांगड्या वाजल्या. सर म्हणाले, "पास."

आठ-दहा दिवसांनी टाके काढायला चारुशीलाच घरी आली. चिमटा पाहिला अन् भाऊजी मागच्या दारानं पळाले. मीच धरून आणले.