आखाजीच्या दिवशी लागलेलं फाटक

देवावर रुसायचं तर माणसाला काहीतरी कारण लागतं. मला ते रोज जाता-येता मिळायचं. आमचं गाव रावेर तालुक्यात, तापी आणि रेल्वे यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. मागे नदी, पुढे रूळ, दोन्ही अंगांना केळीच्या बागा. बाहेरच्या जगात जायला एकच डांबरी रस्ता आणि त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक. बाजाराला निघा, फाटक. दवाखान्याला निघा, फाटक. केळीचा ट्रक, कॉलेजची पोरं, लग्नाची वरात, सगळ्यांच्या वाटेत तो तांबडा-पांढरा दांडा आडवा. मुख्य लाईन असल्यामुळे गाड्यांना तोटा नाही. एक गेली की दुसरी येते, आणि मालगाडी असली तर ती अशा सावकाशीनं जाते की वाटावं, तिचं सासर आवडीचं नसावं. आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलीचा बाप आधी जमीन विचारत नाही. आधी विचारतो, फाटक किती वेळ लागतं?

फाटकाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, कडुनिंबाखाली मारुतीचा ओटा आहे. त्याला थांबव्या मारुती म्हणतात. गावाची रीत अशी की फाटक लागलेलं दिसलं की गाडी बंद करायची, मारुतीला हात जोडायचे आणि ओट्यावर टेकायचं. दांड्याखालून वाकून जायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही. गावात नवी सून आली की सासू तिला घरातला देव्हारा दाखवते आणि लगेच ही रीत सांगते. म्हातारी माणसं म्हणत, "मारुतीनं थांबोलं म्हणजे पुढे काहीतरी असंल." मी म्हणायचो, "हो ना आबा, पुढे मालगाडी असते."

माझा धंदा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा. मुहूर्त काही फाटकासाठी थांबत नाही. एकदा तर नवरदेव अलीकडे, नवरी पलीकडे आणि मध्ये कोळशाची मालगाडी ठाण मांडून उभी. मी टेम्पोवरचा कर्णा पलीकडे वळवला आणि भटजींना म्हटलं, गुरुजी, तुम्ही सुरू करा, नवरी ऐकते आहे. दोन मंगलाष्टकं त्या मालगाडीच्या डोक्यावरून गेली. लोक अजून ती गोष्ट सांगून हसतात. मीही हसतो. पण मनात मात्र त्या मारुतीशी माझं पटत नव्हतं. फाटकाऐवजी बोगदा व्हावा म्हणून गावानं उपोषण केलं तेव्हा मंडप माझा, माईक माझा आणि भाषणही माझंच होतं. मारुतीला मी नवस बोललो होतो की हे फाटक घालव, तुझ्या ओट्यावर नवा पत्रा टाकून देतो. त्यानं ऐकलं नाही. त्यालाही बहुधा जुना पत्रा आवडत असावा.

खरा रुसवा मात्र मायवरून झाला. माझी माय धरणगावाकडची. लग्न होऊन आली तेव्हा वरातीच्या बैलगाडीला फाटकानंच अडवलं होतं. सासूनं तिला तिथेच ओट्यावर उतरवून रीत सांगितली होती, असं माय मोठ्या कौतुकानं सांगायची. इतकी वर्षं रावेरात काढून तिची बोली आमच्यासारखीच झाली होती. पण ती विसरायला लागली तेव्हा नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं, मग गावाचं, आणि जे जाईल त्याच्या जागी तिची माहेरची अहिराणी वर येऊ लागली. होळीच्या सुमाराला एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, "कोन शे रे भो तू?" मी हसून म्हटलं, "चहावाला." ती म्हणाली, "मंग साखर कमी का?" मी बाहेर येऊन टेम्पोत बसून राहिलो.

त्या दिवशी फाटक लागलेलं होतं. मी ओट्यावर टेकलो नाही. उभ्या उभ्याच मारुतीला म्हणालो, तुला गाड्या थांबवता येतात, वराती थांबवता येतात. माझी माय रोज थोडी थोडी जाते आहे, ती तेवढी तुला थांबवता येत नाही. मग तुझा उपयोग काय? त्यानंतर मी त्याला हात जोडणं सोडून दिलं.

यंदाच्या आखाजीची ही गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात ती दिवाळीहून मोठी, कारण लेकी माहेरी येतात. भाऊ घ्यायला जातो, झाडांना झोके बांधतात, घरोघरी सांजोऱ्या होतात. पुरुष मंडळी पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही. दुपार झाली. पुरणपोळी आणि आमरस पोटात, बाहेर वैशाखाचं ऊन, सगळा गाव आडवा झालेला. त्यातच सकाळपासून मोबाईलचा टॉवर बंद पडला होता. टॉवरवाला येतो आहे, येतो आहे, असं ऐकत होतो. माझा डाव ऐन रंगात आला होता तेव्हा बायको दारातून म्हणाली, "अहो, माय कुठी आहे?"

खाट रिकामी होती. सांजोऱ्यांचा डबा उघडा होता. मायचं ठेवणीतलं हिरवं लुगडं दांडीवर नव्हतं. आता मागे वळून पाहिलं तर माय माहेरी निघाली हे यावरून एखाद्या पोरालाही सांगता आलं असतं. तेव्हा आम्हाला एकच सुचलं, नदी. सगळा गाव तापीकडे धावला. काही जण विहिरींत डोकावले, काही केळीच्या बागांत शिरले. बागेत दोन हातांवरचं माणूस दिसत नाही, आणि मायचा आवाज तर केव्हाच बारीक झालेला. फाटकाकडे मात्र एकही माणूस गेला नाही. ही चूक आमच्याच गावाला जमण्यासारखी. फाटक म्हणजे आमच्या डोक्यात गावाला लावलेलं कुलूप. जिथून धडधाकट माणसाला वेळेवर सुटता येत नाही, तिथून एक म्हातारी काय सुटणार, असं सगळ्यांनी मनात धरूनच टाकलं होतं.

फोन बंद. आजूबाजूच्या वस्त्यांना कळवायचं कसं? बायको म्हणाली, "जनमभर माइकवर बोंबलले, आज कामाचं बोंबला." मी टेम्पो काढला, कर्णे लावले आणि गल्लीगल्लीतून सांगत सुटलो. आमची माय घरातून गेली आहे, हिरवं लुगडं आहे, कोणाला दिसली तर सांगा. लोकांना जेवायला बसवणारा, मामांना अक्षता घेऊन बोलावणारा हा आवाज. तिसऱ्या गल्लीत तो फाटला. मग मी बातमी सांगणं सोडून दिलं आणि नुसतं ओरडत राहिलो, माय, ओ माय, मी आहे, कुठी आहेस तू?

गावाच्या टोकाला आलो आणि फाटकाच्या बाजूनं गाडीची लांब शिटी ऐकू आली. ती शिटी मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. पण त्या दिवशी ती ऐकून मी माईक खाली टाकला. गावाच्या एका अंगाला नदी तसे दुसऱ्या अंगाला रूळही आहेत आणि माय तिकडेही गेली असेल, हे मला तेव्हा सुचलं. टेम्पो कसा पिटाळला ते आठवत नाही. वाटेत मी मारुतीशी बोलत होतो आणि त्यात भांडण नव्हतं. मी म्हणत होतो, फाटक लागलेलं असू दे. ज्या तोंडानं मी त्याला ते घालवायचा नवस बोललो होतो, त्याच तोंडानं, लागलेलं असू दे रे बाबा, लागलेलंच असू दे.

फाटक लागलेलं होतं. पलीकडून मालगाडी चालली होती, तीच ती सावकाश. आणि कडुनिंबाखाली ओट्यावर, मारुतीला टेकून, हिरव्या लुगड्यातली माझी माय बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर फडक्याचं गाठोडं. तिच्या शेजारी एक तिशी-पस्तिशीचा गडी बसला होता. कमरेला हत्यारांचा पट्टा, हातात अर्धी सांजोरी, आणि त्याचा दुसरा हात मायनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलेला. तो अवघडून मला म्हणाला, "या भाऊ. मला उठता येत नाहीये."

हाच तो टॉवरवाला. सगळा गाव ज्याची वाट पाहत होता तो, आणि तो आल्याशिवाय आमचे फोन सुरू होणार नव्हते. आमचे फोन सुरू होत नव्हते म्हणून त्याला आम्हाला कळवता येत नव्हतं. फाटकावरचा गेटमन बिहारकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याला वाटलं, आई-मुलगा बसलेत सावलीला.

टॉवरवाल्यानं सांगितलं ते असं. तो पलीकडून फाटकाशी आला तेव्हा दांडा पडलेला होता आणि अलीकडे ओट्यावर ही म्हातारी एकटीच, शांत बसलेली. फाटक उघडलं तशी ती उठली आणि नीट रस्ता सोडून रुळांच्या मधून चालू लागली. यानं बाईक टाकली आणि तिला धरलं. तिनं याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कितला येळ लाया रे भाऊ. माले लेवाले उना ना?" म्हणजे मला घ्यायला आलास ना? आता योगायोग असा की हा गडी धुळे जिल्ह्यातला. ती भाषा त्याच्या आईची. तो म्हणाला, "हाव अक्का, लेवालेच उनू. पन गाडी जाऊ दे." आणि तिला हाताला धरून परत ओट्यावर आणलं. पुढच्या गाडीसाठी दांडा पडला तशी माय आपणहून टेकली आणि तिनं त्यालाच रीत शिकवली. फाटक लागनं का बसानं, भाऊ. वाकीसन जावानं नही. त्यानंतर ती त्याचा हात सोडेना आणि गावाकडे यायलाही तयार होईना. फाटक दर वेळी उघडलं की ती उठायला बघायची, आणि हा म्हणायचा, अजून एक गाडी यायची शे अक्का. आणि खरंच यायची. आमच्या लाईनीनं त्या दुपारी त्याला एकदाही खोटं पाडलं नाही.

"माझा देवाबिवावर फारसा विश्वास नाही भाऊ," तो संकोचून म्हणाला. त्याच्या बाईकच्या टाकीवर बुद्धाचं छोटं चित्र होतं. "अक्का म्हणाली बस, म्हणून बसलो. माझी बहीण आज माहेरी यायची होती, तिला आणायला मीच जातो दर साली. यंदा ड्यूटी लागली."

मी मायपुढे खाली मातीत बसलो. मला वाटलं होतं, ती मलाही विचारेल, कोन शे तू? तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टॉवरवाल्याकडे वळली आणि जरा अभिमानानंच म्हणाली, "हाऊ मना आंडोर शे. तो बोंबली ऱ्हायंता ना, तोच. धाकलपनपाईन असाच बोंबलस. बठ्ठा गावले ऐकू जास."

माझा मुलगा आहे हा, लहानपणापासून असाच ओरडतो, साऱ्या गावाला ऐकू जातं, असं ती म्हणत होती. कर्ण्यातून गेलेला माझा फाटका आवाज केळीच्या बागांवरून तिच्यापर्यंत पोचला होता, आणि चेहरा हरवला होता तिथे आवाजानं मला तिच्या घरी परत नेलं होतं. संध्याकाळपर्यंत ते ओळखणं पुन्हा मावळलं. पण तेवढी दुपार मला मिळाली. मी ओट्यावर डोकं टेकवलं. मालगाडी संपली, दांडा वर गेला आणि आम्ही कोणीच उठलो नाही.

घरी आल्यावर बायकोनं टॉवरवाल्याला पाटावर बसवलं आणि मामाचा मान म्हणून टोपी-उपरणं दिलं. मायचा भाऊ तो माझा मामा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान मामाच्या मी पाया पडलो. तो इतका लाजला की जेवण अर्धं टाकून टॉवरवर चढला. थोड्या वेळानं गावातले सगळे फोन एकदम वाजू लागले. त्याचाही वाजला. वरूनच तो ओरडून बहिणीला सांगत होता की, "अगं, इकडे एक अक्का भेटली, तिनं धरून ठेवलं. उद्या येतो."

मी या गोष्टीला चमत्कार म्हणावं की नाही, हे मला ठरवता येत नाही आणि आता ठरवायचंही नाही. टॉवर नादुरुस्त होणं, गाड्या एकामागोमाग येणं, अहिराणी बोलणारा माणूस नेमका तिथे असणं, या सगळ्याला साधी कारणं असतील. मी एवढंच जाणतो की मी मारुतीला विचारलं होतं, माझी माय थांबवता येत नाही का? त्यानं थांबवली. कायमची नाही, कायमचं कोणाला थांबवणं त्याच्याही हातात नसावं. पण जिथे थांबायला हवी होती तिथे थांबवली. नावं गेली, गाव गेलं, मीसुद्धा गेलो, आणि आत खोलवर तेवढी एक रीत शिल्लक राहिली होती. फाटक लागलं की बसायचं. सगळं हरवल्यावर माणसाजवळ जे उरतं त्यालाच भक्ती म्हणत असतील, तर माझी माय माझ्यापेक्षा फार मोठी भक्त आहे. मी आयुष्यभर दांड्याकडे पाहत राहिलो. ती ओट्याकडे पाहत होती.

बोगद्याचं काम आता मंजूर झालं म्हणतात. झालं तर चांगलंच आहे, आजारी माणसांसाठी आणि पोरांच्या परीक्षांसाठी ते व्हायलाच हवं, आणि उद्घाटनाचा मंडप माझाच असेल. फक्त मारुतीच्या ओट्याला हात लावू नका, एवढं मी रेल्वेच्या साहेबांना सांगून आलो आहे. आणि नवा पत्रा मी आताच टाकून दिला. नवस पुरा व्हायची वाट पाहिली नाही.

परवा मायला घेऊन दवाखान्यात निघालो. फाटक लागलेलं. मी टेम्पो बंद केला. मागे एक मोटारवाला हॉर्नवर हॉर्न वाजवू लागला. पूर्वीचा मी असतो तर त्याला साथ दिली असती. मायनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मायेनं म्हणाली, "काय घाई शे रे भो? उतर. बस जराखा."

त्याचं मला माहीत नाही. मी उतरून बसलो.