टिकली लावलेलं भोक

वायर लावून पाच मिनिटं झाली नसतील, तर खालचा मेडिकलवाला जिना चढून वर आला. "दीदी, आपने क्या कर दिया? मेरा बिल नहीं बन रहा."

क्लासमध्ये आठ मुली कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यांच्याकडे नेट आलंच नव्हतं आणि खालचं चालू असलेलंही गेलं होतं. मुलींचे कॉलेजचे फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. जुना राउटर दोन दिवसांपूर्वी जळालेला.

मी गढ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. आधी ब्लोअरने धूळ काढायचे, मग हळूहळू स्क्रू-ड्रायव्हर हातात आला. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं कीबोर्डवरून शिकले, म्हणून माझ्या डोक्यात अजूनही A नंतर S येतो. पाटनच्या या क्लासला मी पहिल्यांदाच एकटी आले होते. दुकानाचे मालक सुधीरभाऊ खमरियाला दुसऱ्या कामात अडकले होते. निघताना एवढंच म्हणाले, "हे जमलं तर यापुढे बाहेरची कामं तुमची." जमलं नाही तर ब्लोअर आहेच.

काम काय ते सांगते. नेट बाहेरून मोडेमपर्यंत येतं. तिथून पुढे सगळ्या कॉम्प्युटरना वाटतो तो राउटर. या क्लासचं आणि मेडिकलचं मोडेम एकच होतं, खाली मेडिकलमध्ये. बाजारातला लहान राउटर इतक्या मुली एकदम बसल्या की अडकायचा. म्हणून आम्ही पोळ्यांच्या डब्याएवढा एक जुना पीसी घेतला आणि त्यात राउटरचं सॉफ्टवेअर टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आतून कसं बनलं तेही कोणालाही पाहता येतं. पेन ड्राइव्हवर उतरवायचं, पीसी त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा, ते आधीचं सगळं पुसून स्वतः बसतं. मग एकच महत्त्वाचा प्रश्न विचारतं. मागे वायरची दोन भोकं आहेत, त्यातलं बाहेरचं कोणतं आणि घरातलं कोणतं?

बाहेरच्याला WAN म्हणतात, घरातल्याला LAN. मी त्यांना माहेर आणि सासर म्हणते. नेट येतं माहेरून, नांदतं सासरी. स्क्रीनवर भोकांची नावं सारखीच असतात, फक्त शेवटी शून्य किंवा एक. वहीत मी लिहून ठेवलं होतं, शून्य म्हणजे माहेर. आणि त्या भोकाखाली माझी लाल टिकली चिकटवली होती.

इथे मी टिकली पाहूनच मोडेमची वायर लावली. तरी हे झालं.

क्लासच्या मॅडम नागपूरकडच्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कुंदाताई, WAN न् LAN वाचता येते ना तुम्हाला?" हळू म्हणाल्या, पण मुलींनी ऐकलंच.

मला बोलणं सुचत नाही. सुधीरभाऊंना फोन लावला, तर ते म्हणाले, पीसी घेऊन या, उद्या पाहू. उद्या फॉर्म कोण घेणार होतं?

पहिल्यांदा पीसीच्या दोन्ही वायरी काढल्या. मेडिकलवाल्याला मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं. त्याचं नेट आलं, तो गेला. म्हणजे माझा पीसी मोडेमच्या बाजूला, मेडिकललाही, आपलंच वाटप करत होता. सासरचं काम माहेरी.

मग क्लासचाच एक मॉनिटर आणि कीबोर्ड पीसीला जोडला. आता टिकलीला नाही, मशीनला विचारायचं ठरवलं. टिकली नसलेल्या भोकात क्लासची वायर लावली आणि ओढून काढली. स्क्रीनवर एक ओळ आली, शेवटी DOWN, म्हणजे या भोकातली वायर निघाली. ओळीच्या सुरुवातीच्या नावात शून्य. परत लावली, परत काढली. शून्यच.

माझी वही बरोबर होती. टिकली चुकीच्या भोकाखाली होती.

मी पीसी उलटा करून पाहत होते, तेव्हा मॅडमच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. सकाळी पीसी आल्यावर त्यांनीच त्याला हळद-कुंकू लावलं होतं.

"ते टिकली पाहून राहिली का तू?" त्या म्हणाल्या. "पुसताना निघाली होती. पार कोपऱ्यात होती वं, मी मधात लावली. नीट दिसते आता."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आई, काहून हात लावता तुम्ही?"

मी घाईने म्हटलं, "राहू द्या मॅडम. पूजा तर व्हायलाच पाहिजे होती." त्या दिवसातलं माझं सगळ्यात लांब वाक्य हेच.

वायरींची अदलाबदल केली. पहिल्या रांगेतल्या मुलीचं पान उघडलं, मग तिच्या बाजूचीचं. संध्याकाळी पाचच्या आत आठही फॉर्म गेले. आठही कॉम्प्युटर एकदम चालू होते आणि एकदाही अडकलं नाही. मॅडमनी चहा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वर आमच्या घरचंही करून द्याल का?"

आता बाहेरची कामं माझ्याकडे असतात. टिकली मी लावत नाही. नेलपॉलिशचा ठिपका देते. पूजेत पुसलं तरी तो निघत नाही.