थोरल्याचा शब्द

सुताराला सगळी आळी 'दमानंदादा' म्हणायची. गिऱ्हाईक कपाटाची घाई करू लागलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, दमानं घ्या. ओल्या लाकडाला तो रंधा लावायचाच नाही. फळ्या माळ्यावर रचून ठेवायचा, पुरत्या वाळू द्यायचा आणि मगच हात घालायचा. त्यामुळे त्याची दारं कधी फुगली नाहीत. लोक कुरकुरायचे आणि फिरून त्याच्याकडेच यायचे. पण माणसाचं असं असतं बघा, एक गुण साधला की तो सगळीकडे तोच चालवायला जातो.

तिघा भावंडांत तो थोरला. मधली बहीण, मग धाकटा भाऊ. वडील गेल्यापासून दादाला विचारल्याशिवाय त्या घरात पान हलत नसे.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की रस्त्यानं जाणारा थबकावा. त्याची नजर कडेकडेनं मिटायला लागली होती. वडिलांचीही अशीच गेली होती, त्यामुळे काय झालंय हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मोठ्या इस्पितळात या दुखण्यावरचं नवं औषध तपासून बघत होते. अट एकच. रोग्यासोबत त्याचं धडधाकट सख्खं भावंड हवं, ताडून बघायला. त्याचं रक्त घेणार, डोळे तपासणार. औषध लागू पडेलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. जागा थोड्या आहेत, हेही सांगितलं.

धाकट्यानं दादाकडं पाहिलं. दादा म्हणाला, "विचार करतो."

खरं तर तो घाबरला होता. तपासणीत आपल्याही डोळ्यांत तेच निघालं तर? आज दिसतंय ना सगळं? झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळे गेलेला सुतार करवत कुठं चालवणार? हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. तिनं विषय काढला की म्हणायचा, अशा गोष्टी घाईनं ठरवायच्या नसतात. अहो, लाकूड वाळतं, भीती थोडीच वाळते?

धाकटा अधूनमधून दुकानात येऊन बसायचा. इस्पितळाचं नाव काढायचा नाही. इकडचं तिकडचं बोलायचा आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. सुतार मान खाली घालून रंधा मारत राहायचा. धाकटा विचारत नाही म्हणजे त्यालाही घाई नसावी, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं वेळ मारून नेली.

मग एका सकाळी चांभारानं धाकट्याकडून रंगवून घेतलेली पाटी आणून सुताराच्या दुकानात ठेवली. शेवटची अक्षरं ओळ सोडून खाली घसरली होती. त्याला कसं सांगू, तूच सांग, एवढं बोलून चांभार निघून गेला. सुतारानं पाटी पालथी केली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि इस्पितळ गाठलं.

जागा केव्हाच भरल्या होत्या. औषध सुरू झाल्यावर मध्येच कुणाला घेता येत नव्हतं. तिथं पहिल्यांदा त्याच्या तोंडून खरं निघालं, की मला माझ्याच निकालाची धास्ती वाटत होती.

"तुम्हाला निकाल नको असता, तर आम्ही सांगितला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विचारायचं होतंत."

संध्याकाळी तो धाकट्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं, धास्तीसकट. धाकट्यानं नुसती मान हलवली. ते सुताराला सोसवेना. उलट त्याला रागच आला. मी लांबवत होतो, तर ताईला का नाही नेलंस, असं तो फटकन विचारून बसला.

"ती तर तयारच होती," धाकटा म्हणाला. "तू नाही म्हणाला असतास, तर त्याच दिवशी तिला नेलं असतं. पण तू विचार करतो म्हणालास. तुला ओलांडून तिला कसं नेणार, दादा?"

होकार राहू द्या, सुताराचा नुसता नकारही भावाच्या कामी आला असता.