टी आधी, एच नंतर

टायपिस्टबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बोटं काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. घरी बोलायला चार भिंती. म्हणून रोज सकाळी वाचनालय, आणि तिथल्या टेबलावर त्यांनीच ठेवलेली शब्दखेळाची वही. पानाच्या वर त्या इंग्रजी अक्षरं लिहायच्या; ती ओळीनं ज्यात येतात असे लांबलचक इंग्रजी शब्द खाली कुणीही लिहावेत. कुणीही म्हणजे कोण? दोन वर्षं कोडं घालणाऱ्याही बाईच आणि सोडवणाऱ्याही बाईच. हौस म्हणायची, दुसरं काय!

त्या आठवड्यात अक्षरं होती एन-जी-टी-एच. सोमवारी वही उघडली तर हिरव्या शाईत एक शब्द! 'स्ट्रेंग्थनिंग'. बाईंना इतका आनंद झाला, की चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा वाचला. आणि तिथंच घात झाला. टी-एचच्या जागी एच-टी पडलं होतं. पस्तीस वर्षं साहेबांच्या चुका काढलेला हात, तो थोडाच गप्प बसतोय? लाल रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'टी आधी, एच नंतर. बाद.'

मंगळवारी हिरवी शाई नाही. बुधवारी नाही. शनिवारी न राहवून त्यांनी ग्रंथपालांना विचारलं.

"अहो, ते समोरचे घड्याळवाले. परत आले, वही पाहिली, म्हणाले, 'आपलं काम नाही हे,' आणि गेले."

बाईंनी वहीतली आपली लाल रेघ पुन्हा पाहिली. दोन वर्षांनी एक माणूस आला आणि आपण त्याला बाद केलं!

तशाच त्या रस्ता ओलांडून दुकानात गेल्या. 'तुम्ही या हो, मला फार एकटं वाटतं,' एवढंच म्हणायचं होतं. घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून वर पाहिलं. बाईंनी मात्र मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं.

"वहीतला तो शब्द... मी जरा घाईच केली," त्या कशाबशा म्हणाल्या.

"छे छे, बाई! चूक ती चूकच. बरं झालं दाखवलीत."

त्यांनी घड्याळ उघडलं, कानाशी धरलं, झाकण लावून परत दिलं.

"यात काही बिघडलेलं नाही."

"नाही ना?" बाई म्हणाल्या. "मला आपलं उगीच वाटलं."

मग तिथं उभं राहायला काही कारणच उरलं नाही.