मखरामागचं दार

जे लिहायला बसलोय ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळ नाही, देवासमोर हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. बायको आत नेवऱ्यांचं — तुमच्या करंज्यांचं — पुरण करतेय. तिला वाटतं मी पेन्शनचे कागद भरतोय. वाटू दे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं म्हणजे — बघा, अजून विषयाला हातही घातलेला नाही.

मी अग्निशमन खात्यात अधिकारी होतो. बंब घेऊन धावणारी माणसं लोकांना दिसतात. आमचं दुसरं काम कुणाला दिसत नाही. कारखाना असो की हॉटेल, तिथं जायचं, बाहेर पडायच्या वाटा बघायच्या, दारं स्वतःच्या हातानं उघडून बघायची आणि मग ‘सुरक्षित आहे’ असा दाखला द्यायचा. उद्या तिथंच आग लागली तर ती कुठून लागली आणि का लागली, हेही शोधायचं. आमचा तालुका लहान, माणसं कमी. दाखला देणारा मी आणि कारण शोधणाराही मीच. यात काय घोटाळा होऊ शकतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला एक मेलेली बाई लागली.

डिचोली तालुक्यात एका गावात काजूचा कारखाना होता. गाव सांगत नाही. कारखाना कसला, एक लांबट शेड — पुढच्या दाराशी बॉयलर, त्याच्या शेजारी काजूच्या टरफलांचा ढीग, मध्ये बायका बसून काजू फोडायच्या, आणि शेवटी गर निवडायची जागा. तिथं मागचं दार. टरफलांत तेल असतं हो, भयंकर पेटतं ते. म्हणून त्या शेडला दुसरं दार हवंच. दाखल्यात तसं मीच लिहिलं होतं.

त्या वर्षी पाहणीला गेलो ते नेमका चवथीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा मागच्या दारासमोर गणपती बसला होता. मोठं थर्माकोलचं मखर, वर माटोळी — कवंडळं, सुपारीचे घोस, माट्टीची फळं, सगळं रान टांगलेलं. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे भाटकार म्हणायचे, सोवळ्यात उभे होते. दार कुठंय, असं मी विचारलं. विचारलं तरी होतं, एवढं लिहून ठेवतो.

“साहेबांनू, देवाक कसो उठवतलंव?” भाटकार म्हणाले. “पाच दिसांनी विसर्जन. मगे दार मेकळाच.”

आता सांगा, मी काय म्हणणार होतो? मूर्ती उचला म्हणून? चवथीत? मी मये गावचा, माझ्या घरी त्याच घडीला गणपती होता. मी नमस्कार केला, प्रसाद घेतला, नेवरी खाल्ली. इथपर्यंत तुम्हीही कदाचित माझ्यासारखेच वागला असता. पण पाच दिवसांनी परत जायचं होतं. दार उघडून बघायचं होतं. अर्ध्या तासाचं काम.

गेलो नाही. का नाही? काही कारण नाही. कंटाळा आला. चवथीनंतरची सुस्ती होती, पाऊस होता, भाटकार भला माणूस होता. घरच्या टेबलावर बसून मी लिहिलं — ‘विसर्जनानंतर फेरपाहणी केली. दोन्ही दारं मोकळी आढळली.’ सही केली. अक्षरही छान आलं.

गणपती पाण्यात गेला, मखर मात्र राहिलं. देव बसलेली जागा लगेच मोडवत नाही कुणाला. मखरात तसबीर आली, तसबिरीपुढं दिवली आली. मखराच्या मागं जागा होती, ती रिकामी कशाला ठेवा म्हणून दाराला टेकून टरफलांची पोती आली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं — कारण मी गेलोच नव्हतो.

दिवली लावायचं काम शेवंतीचं होतं. ती सिंधुदुर्गातली. तिचा नवरा सगुण पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी थांबल्या, ट्रक उभा राहिला, आणि शेवंती काजू फोडायला जाऊ लागली. घरी एक लहान मुलगी. रोज तिन्हीसांजेला, बाकीच्या बायका हात धुवायला लागल्या की ही मागं जायची, देवापुढं दिवा लावायची आणि मगच घरची वाट धरायची.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. बॉयलरच्या तोंडातून पडलेला निखारा टरफलांत गेला. हे मी आज लिहितोय. तेव्हा मी असं लिहिलं नाही. पुढच्या बाजूच्या बायका बाहेर पडल्या. शेवंती मागं होती. पुढं जाळ, मागं ते दार.

बंब पोचले तेव्हा उशीर झाला होता. ती भाजलेली नव्हती. धुरानं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच आत गेलो. आग वाचता येते, आमचं शिक्षणच ते. लाकूड कुठं खोल जळलंय, भिंतीवर काळं कुठून चढलंय — सगळं बॉयलरकडे बोट दाखवत होतं. मागची बाजू नुसती धुरकटलेली. मखर वितळून वाकलेलं, पण जळलेलं नाही. आणि दाराला लावलेली सात पोती. दोन ओढून बाजूला केलेली होती. पाच उरली होती. तिला आणखी थोडा वेळ मिळाला असता तर —

मी तिथं किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. काय विचार करत होतो ते मात्र आठवतं. शेवंतीचा नाही. माझ्या त्या एका ओळीचा. ‘दोन्ही दारं मोकळी आढळली.’ चौकशी होणार, कुणीतरी विचारणार की मागचं दार का उघडलं नाही. भ्यालो. चांगलाच भ्यालो.

मग मला दिवली दिसली. आडवी पडलेली, पितळेची, लहानशी. शेजारी काडेपेटी.

आग मागून लागली असती तर? देवापुढच्या दिव्यानं मखर पेटलं असतं तर मागच्या दारातच जाळ झाला असता, आणि मग दार का उघडलं नाही हे कुणी विचारलंच नसतं. मी कागदावर आगीची सुरुवात उचलली आणि पंचवीस पावलं मागं नेऊन ठेवली. बॉयलरपासून देवापर्यंत. पोती शेडमध्ये पसरून टाकली, तीही माझ्याच हातांनी. अहवालात लिहिलं, ‘मयत महिलेने लावलेल्या दिव्यामुळे.’

अजून एक राहिलंय. ते सांगितल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही.

त्या दिवलीतली वात कोरी होती. तेलात भिजलेली, पांढरी. काडेपेटी नवी, भरलेली; त्यातली एकही काडी ओढलेली नव्हती. शेवंतीनं त्या दिवशी दिवा लावलाच नव्हता. लावायला गेली आणि पुढं जाळ उठला, एवढंच. मी ती वात दोन बोटांनी उचलली, चुरगाळली आणि बाहेर चिखलात टाकली. बोटांना तेल लागलं होतं ते रुमालाला पुसलं.

पंधरा दिवसांनी सगुण ऑफिसात आला. डोकं भादरलेलं, खुर्चीवर बस म्हटलं तरी उभाच. “साहेबांनू, आग तिच्याच हातून लागली मां?” त्यानं विचारलं. त्याला माझ्याकडून ‘नाही’ ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी ‘हो’ म्हणालो. वर मोठेपणाही घेतला — निष्काळजीपणा हा शब्द मी टाळलाय, ‘अनवधानानं’ असं लिहिलंय, मेलेल्या माणसावर कशाला ठपका ठेवा. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.

कारखाना परत उभा राहिला नाही. बायकांचं काम गेलं. शेवंतीनं कारखाना जाळला, असं गावात अजून बोलतात, तिच्या मुलीच्या देखत बोलतात. त्या मुलीला सगुण काडेपेटीला हात लावू देत नाही. त्यांच्याकडे गणपती बसतो, पण समई पेटत नाही. विजेची माळ सोडतात. हे सगळं सगुणनंच मला सांगितलं, कारण मी त्याला दरवर्षी भेटतो. चवथीच्या आधी तो डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान घेऊन बसतो. माझ्यासाठी एक जुडी बाजूला काढून ठेवलेली असते, सगळ्यांत चांगली. दुसऱ्या कुणाला देत नाही.

आज सकाळीही ठेवली होती. मुलगी शेजारी बसली होती — आईच्याच वळणावर गेलीय. सगुण तिला म्हणाला, “हे ते साहेब. आयेची चूक ह्यांनी पोटात घातली.” मुलीनं उठून मला नमस्कार केला. मी तिला, शिकतेस काय गो, असं विचारलं. तिनं काय सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी जुडी घेतली आणि आलो.

अकरा वर्षं झाली. भाटकार वारले. फाईल कुठल्यातरी कपाटात असेल, त्या सुंदर अक्षरासकट. आज तिथं तोंड उघडायचं होतं, तीन पावलांवर बाप-लेक बसली होती. नाही उघडलं. उद्याही उघडेन असं मला वाटत नाही, मी मला ओळखतो.

माटोळी बांधून झालीय. सगुणची कवंडळं मधोमध आहेत, लालभडक. बायको आतून हाक मारतेय, समईच्या वाती वळायच्यात. माझ्या हातच्या वाती चांगल्या होतात असं ती म्हणते.