रिकामं पोतं

वाशीच्या फॅन्टसी महोत्सवात शॉर्टफिल्मची स्पर्धा होती. माझी फिल्म मार्केटात पोती वाहणाऱ्या हमालाच्या भुताची. शेजारी एक साठीचे काका बसले होते, मांडीवर टॉवेलाची घडी. पडद्यावर भूत पोत्याखाली वाकलं, तसा काकांचा उजवा खांदा आपोआप पुढे आला. भूत झटकन उभं राहिलं आणि तो खांदा सैल पडला.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "काका, कशी वाटली?"

"भूत पटलं," मानेवरचा घट्टा चोळत ते म्हणाले, "पन पोतं रिकामं हाय."

नटाला झेपेना म्हणून आम्ही आत थर्माकोल भरला होता.

परीक्षकांना मात्र सगळंच पटलं. पहिलं बक्षीस मिळालं. काकांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. मी ट्रॉफी दोन्ही हातांनी उचलली.

फारच हलकी होती.